ज्याच्याविषयी काही ऐकू आलं नाही

परभणीच्या मुन्सिफ कोर्टात राधाकिशन मुतर्जिम होते. मुतर्जिम म्हणजे दुभाषी. निजामाच्या राज्यात कोर्टाची जबान उर्दू, पिंजऱ्यात उभं राहणाऱ्या बहुतेकांची मराठी, आणि वकील मंडळी नागपूर-मुंबईहून कायद्याचे जे जाडजूड ग्रंथ मागवत ते इंग्रजी. या तिन्हींच्या मध्ये, मुन्सिफ साहेबांच्या डाव्या हाताला, एका बिनहाताच्या खुर्चीत राधाकिशन बसत. इंग्रजी वाचायचं, उर्दूत सांगायचं. मराठी ऐकायचं, उर्दूत लिहायचं. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द तोंडातून गेले की संध्याकाळी त्यांना स्वतःचं बोलायला नको वाटे.

माणूस कामात पक्का होता. पण इंग्रजी कायद्यातले काही शब्द त्यांना नडायचे. पूर्णेच्या एका व्यापाऱ्याची तूर पुरात भिजली, तेव्हा ग्रंथात असल्या आपत्तीला जे नाव होतं त्याचं त्यांनी मराठीत सरळ ‘देवाची करणी’ केलं. साक्षीला आलेल्या म्हाताऱ्या हमालानं पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. “करणी? कुनी केली साहेब करणी?” असं विचारून त्यानं जे तोंड मिटलं ते उघडलंच नाही. दुसऱ्या एका खटल्यात, काही राग नसताना शांत डोक्यानं केलेल्या खुनाला इंग्रज लोक थंड रक्ताचा म्हणतात, राधाकिशननी उर्दूत तसंच म्हटलं, तर मुन्सिफ साहेबांनी मान वर करून विचारलं, “ठंडा किसका था? मरनेवाले का, या मारनेवाले का?” सगळं कोर्ट हसलं. राधाकिशन हसले नाहीत.

अशा कोर्टात घाटवाडीच्या लिंबाजीचा दावा आला.

घाटवाडी गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या अगदी काठावर. तिथले लोक नदीला गंगाच म्हणतात. लिंबाजी आणि त्याचा थोरला भाऊ मुंजाजी यांच्या नावावर मिळून जमिनीचा एकच पट्टा होता. सात-साडेसात वर्षांपूर्वी मुंजाजी बहिणीला भेटायला पैलतीराच्या गावी गेला. परत यायच्या दिवशी वर कुठंतरी पाऊस झाला आणि गंगा फुगली. तिन्हीसांजेला त्यानं पलीकडून नावेसाठी हाका मारल्या. अलीकडच्या काठावर अर्धा गाव जमला होता, त्यांनी त्या ऐकल्या. पण तसल्या पाण्यात नाव घालायला कोणी तयार होईना, आणि घातली असती तर नाववालाही गेला असता. सकाळी पाणी उतरल्यावर पलीकडं कुणीच नव्हतं. बहिणीच्या घरी परत गेलेला नव्हता. खाली कुठल्या गावाला प्रेत लागलं नाही. कोणी म्हणालं, पोहायला उतरला असेल. कोणी म्हणालं, त्याला पूर्णा टेसनावर गाडीत चढताना पाहिलं. पाहणाऱ्याचं नाव मात्र कुणी सांगू शकलं नाही.

मुंजाजीची आई पार्वतीबाई आता अंथरुणाला खिळली होती. डोळे मिटायच्या आत लेकाची क्रिया व्हावी, त्याला पाणी मिळावं, एवढीच तिची इच्छा. प्रेत नसलं तरी पळसाच्या पानांचा माणूस करून दहन करता येतं. पण गंगाखेडचे भटजी म्हणाले, “शास्त्रात बारा वर्षं वाट पाहायला सांगितलीय. त्याची बायको कुंकू पुसायला राजी असेल, तर मी आधीही करतो.” बायको, तानुबाई, राजी नव्हती. चार माणसांत ती म्हणाली, “सरकारनं लिवून दिलं की ते मेले, तर मानीन. तुमच्या म्हनन्यानं न्हाई.”

म्हणून लिंबाजीनं दावा केला. भावाचं नाव पट्ट्यावरून काढावं आणि त्या जागी भावजयीचं लावावं, एवढंच मागणं. त्याला जमीन नको होती. त्याला फक्त कुणीतरी आपला भाऊ मेला असं म्हणायला हवं होतं.

त्याचे वकील व्यंकटराव. त्यांनी इंग्रजी ग्रंथ काढला आणि कलम राधाकिशनपुढं ठेवलं. जो माणूस जिवंत असता तर ज्यांच्या कानावर त्याची खबर साहजिकच आली असती, अशांना त्याच्याविषयी सात वर्षं काही ऐकू आलं नाही, तर तो मेला असं धरून चालावं. राधाकिशननी ते उर्दूत वाचलं. मुन्सिफ साहेबांनी मान हलवली. कलम सोपं होतं आणि दावाही सोपा होता. लिंबाजीनं हलफ म्हणजे शपथ घेऊन सांगितलं, काही ऐकलं नाही. बहिणीनं सांगितलं, काही ऐकलं नाही. मग तानुबाईला बोलावलं.

ती तिशीतली, उंच, उन्हानं रापलेली बाई होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. इतर बाया कोर्टात आल्या की पदर तोंडाशी धरतात. तिनं धरला नव्हता.

“गेल्या सात वर्षांत तुम्हाला मुंजाजीचं काही ऐकू आलं का?” राधाकिशननी विचारलं.

“येतं की,” तानुबाई म्हणाली.

व्यंकटरावांनी चष्मा काढला. लिंबाजीनं खाली पाहिलं.

“काय ऐकू आलं? कधी?”

“रोज येतं. दिवस बुडायच्या वक्ताला. पल्याडून हाका मारायलेत ते.”

बाहेर टांगेवाला घोड्याला काहीतरी म्हणत होता ते आत ऐकू आलं. मुन्सिफ साहेब राधाकिशनकडं पाहत थांबले होते. राधाकिशननी तिचे शब्द उर्दूत केले आणि ते करताना पहिल्यांदाच त्यांना आपल्याच आवाजाची भीती वाटली. तिच्या तोंडी ते साधं वाटलं होतं. उर्दूत ते वाक्य अंगावर येत होतं.

व्यंकटराव उठले. “साहेब, प्रश्न नीट गेला नाही. खबर विचारा. खबर.”

“तुम्हाला मुंजाजीची काही खबर मिळाली का?” राधाकिशननी पुन्हा विचारलं.

“खबर कशाला लागती?” तानुबाई म्हणाली. “खबर दुसऱ्यानं सांगायची असती. हितं ते सोता बोलायलेत.”

मुन्सिफ साहेब तरुण होते, हैदराबादेहून नव्यानं बदलून आलेले, आणि कुणाला वेडं ठरवायची त्यांना घाई नव्हती. त्यांनी पेशी पुढं ढकलली आणि हुकूम दिला की मुतर्जिमांनी वादीच्या वकिलासह घाटवाडीला जावं, जागा पाहावी, काय ऐकू येतं ते ऐकावं आणि कोर्टाला सांगावं. “मुर्दे आवाज़ नहीं देते,” ते म्हणाले. “अगर कोई आवाज़ देता है, तो वो ज़िंदा है. मालूम कीजिए, कौन है.”

गंगाखेडच्या टेसनावर लिंबाजी बैलगाडी घेऊन आला होता. वाटेत व्यंकटराव बोलत राहिले. कुणीतरी खोडी करत असेल, किंवा पलीकडचा एखादा गुराखी असेल. टिटवी असेल. बाईमाणूस, त्यातून एकटी. लिंबाजीनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

“तुम्हाला ऐकू येतं का लिंबाजी?” राधाकिशननी विचारलं.

“मी तिकडं जातच न्हाई साहेब,” लिंबाजी म्हणाला. “सात वर्स झाली. जनावरं बी हिरीवर पाजतो.”

ते पोचले तेव्हा दिवस कलला होता. आधी पार्वतीबाईला भेटले. ती ओसरीवर वाकळ पांघरून पडली होती, अंगात फक्त डोळे उरले होते. राधाकिशननी आपण कोण ते सांगितलं. म्हातारीनं त्यांचा हात धरला. तिचा हात थंडगार आणि कोरडा होता.

“मला बी ऐकू येतं मुन्शीसाब,” ती हळूच म्हणाली. “मी कोनाला सांगितलं न्हाई. पडल्या जागी ऐकू येतं. पानी पानी म्हनायलंय मपलं लेकरू. गंगंच्या काठाला उभं राहून पानी मागतंय. सांगा मला, काय करू?”

राधाकिशननी हात सोडवून घेतला आणि उतारावरून नदीकडं निघाले.

तानुबाई तिथं आधीच उभी होती. नदी त्या दिवसांत आटलेली. मध्ये वाळूचा लांबच लांब पट्टा, त्यापलीकडं पाण्याची निळसर रेघ, आणि मग पलीकडचा उंच काठ, बाभळी, मोकळं रान. माणूस तर सोडाच, एक गाय नव्हती तिकडं. व्यंकटरावांनी डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं आणि समाधानानं “हूं” केलं. लिंबाजी उताराच्या वरच थांबला होता.

सूर्य बाभळींच्या मागं गेला. वारा पडला. आणि आवाज आला.

नदीवरून लांबून मारलेली हाक जशी येते, पाण्याला घासून, कडा झिजून, तशी. उंच सुरू होऊन खाली उतरणारी. माणसाची. राधाकिशनना त्याबद्दल क्षणभरही शंका वाटली नाही. पण त्याहून वाईट ते पुढंच होतं. आयुष्यभर त्यांच्या कानावर जे पडलं त्याचा त्यांच्या डोक्यात आपोआप अर्थ व्हायचा, झोपेतसुद्धा. या आवाजाचा होईना. त्यात शब्द होता, कुणीतरी कुणाला काहीतरी सांगत होतं, आणि ते कुठल्याच भाषेत उतरेना. त्यांनी सगळा जीव कानात आणला. पुन्हा हाक आली. पुन्हा तेच.

“टिटवीच,” व्यंकटराव म्हणाले. “म्हटलं नव्हतं?”

“कुठली टिटवी?”

“ही काय ओरडली आता.” व्यंकटरावांनी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि त्यांचा स्वर बदलला. “राधाकिशन, बरं वाटत नाही का? चला वर.”

“तुम्ही व्हा पुढं. मला बाईंना विचारायचंय.”

व्यंकटराव गेले. तानुबाई नदीकडं तोंड करून तशीच उभी होती.

“मुन्शीसाब,” ती म्हणाली, “त्या पुस्तकात इंग्रजीत काय लिवलंय ते सांगा. तुमच्या मराठीत न्हाई. इंग्रजीत.”

राधाकिशन तिच्यापासून थोडं दूर वाळूत उभे राहिले. “इंग्रजीत एक बारकासा शब्द आहे मध्ये. तो असला की माणसाला ऐकणं असा अर्थ होत नाही. माणसाबद्दल ऐकणं असा होतो. कुणी त्याला पाहिलं, कुणाला तो भेटला, अमक्या गावी आहे म्हणून कुणी सांगत आलं. माझी चूक झाली. मी तुम्हाला वेगळंच विचारलं.”

“म्हंजे आवाज आला तर ते धरत न्हाईत.”

“नाही धरत.”

तिनं मान हलवली, जसं बाजारात एखादी गोष्ट महाग निघाली तरी पटते तसं. मग विचारलं, “तुमाला आला का?”

कोर्टात कुणी असा प्रश्न केला असता तर राधाकिशननी तो फक्त पुढं सांगितला असता. इथं पुढं सांगायला कुणी नव्हतं.

“आला,” ते म्हणाले. “पण शब्द कळला नाही.”

तानुबाई मटकन वाळूत बसली. तिच्या तोंडून रडण्यासारखा एक आवाज निघाला, पण ती रडली नाही.

“सात वर्स झाली,” ती म्हणाली. “गाव मला येडी म्हनतंय. म्या कोनाला सांगितलं न्हाई, पर मला बी शब्द कळत न्हाई. आदी वाटायचं आलो आलो म्हनायलेत. मंग वाटायचं, येऊ का म्हून इचारायलेत. कदी काय, कदी काय. ज्या दिवशी जे मनात आसंल ते.” ती बोटांनी वाळू उकरत होती. “त्या दिवशी त्यांनी हाका मारल्या तवा मी हितंच उभी व्हते. भावजी नाववाल्याच्या पाया पडायलते. मी वरडून म्हनलं, थांबा. पानी लय हाय, थांबा तितंच. त्यांनी आयकलं. हात वर केला त्यांनी. मी थांबा म्हनलं म्हून ते थांबलेत, मुन्शीसाब. आता मीच कसं म्हनू मेलेत म्हून?”

अंधार पडायला लागला होता. वरून लिंबाजीनं “वयनी” अशी हाक मारली, तेव्हा दोघंही दचकले.

परभणीला परतल्यावर राधाकिशननी कोर्टाला जे सांगितलं ते खरं होतं. पलीकडच्या काठावर मनुष्य दिसला नाही. आवाजासारखं काही आलं, ते कुणाचं ते कळलं नाही, त्यातला शब्द कळला नाही. वकील साहेबांच्या मते टिटवी. मुन्सिफ साहेबांनी ते लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

पण घरी त्यांची बायको मनकर्णा वेगळंच पाहत होती. दिवेलागणीला ते अंगणाच्या दारात जाऊन उभे राहत. परभणीत नदी नाही. तिथं दुसऱ्याच्या भिंतीशिवाय पाहण्यासारखं काही नव्हतं. एकदा ती स्वयंपाकघरातून हाका मारत राहिली, शेवटी हात पुसत बाहेर आली आणि त्यांचा खांदा हलवला.

“अहो, किती वेळ ओरडतेय मी. ऐकू येत नाही का?”

“येत होतं,” राधाकिशन म्हणाले. “तू आहेस असं वाटलं नाही.”

त्यानंतर मनकर्णानं तिन्हीसांजेला त्यांना हाक मारणं सोडलं. काही हवं असलं तर ती त्यांच्या समोर येऊन उभी राहून बोलायची.

पेशीच्या दिवशी तानुबाई लिंबाजीच्या मागून आली. या वेळी राधाकिशननी प्रश्न आधी कागदावर लिहून पाहिला होता, तीन-चार वेळा खोडला होता.

“गेल्या सात वर्षांत, मुंजाजीला पाहिलं, तो भेटला, किंवा तो अमुक ठिकाणी आहे, असं कुठल्याही माणसानं तुम्हाला सांगितलं का?”

“न्हाई,” तानुबाई म्हणाली.

“त्याचं पत्र, निरोप?”

“न्हाई.”

मुन्सिफ साहेब पुढं झुकले. “और वो आवाज़?”

राधाकिशननी विचारलं. तानुबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मुन्सिफांकडं नाही.

“ते तुमच्या पुस्तकात बसत न्हाई,” ती म्हणाली. “तवा मी त्याचं बोलत न्हाई. लिवा तुमी.”

राधाकिशननी ते शब्दाला शब्द लावून उर्दूत सांगितलं. मुन्सिफ साहेबांनी मुंजाजी मेला असं धरून फैसला लिहिला. कोर्टाच्या बाहेर कडुनिंबाखाली तानुबाईनं बांगड्या दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं फोडल्या. एका काचेनं तिचं मनगट कापलं. लिंबाजी मोठ्यानं रडला. ती त्याला म्हणाली, “चला भावजी, तुमची माय वाट बगत आसंल.”

क्रियेला यायचं बोलावणं राधाकिशनना लिंबाजीनं स्वतः येऊन केलं. जाऊ नये असं मनकर्णाला वाटत होतं. तिनं त्यांच्या खिशात तुळशीची पानं घातली.

पळसाच्या पानांचा माणूस भटजींनी दर्भानं बांधला होता. डोक्याच्या जागी नारळ. पाहिल्यावर वाटे, आता उठून बसेल. पार्वतीबाईला बाजेवर घालून नदीवर आणली होती. सात वर्षांत लिंबाजी पहिल्यांदाच त्या वाळूत उतरला, आणि पाऊल टाकताना तो खालची वाळू तापलेली असावी तसा चालत होता. त्यानं अग्नी दिला. हिरवी पानं तडतडली, पांढरा धूर निघाला आणि पाण्यावरून पलीकडं गेला. पार्वतीबाईनं ओंजळीत गंगेचं पाणी घेतलं. ती धरून ठेवायला दोघी बायांनी तिचे हात धरले होते. “पी लेकरा, पी,” एवढंच ती म्हणाली. त्या दिवसानंतर तिला पुन्हा हाक ऐकू आली नाही, आणि पंधरवड्याच्या आत ती झोपेतच गेली. मरताना तिच्या चेहऱ्यावर कसलाच त्रास नव्हता, असं लिंबाजीनं पुढं कळवलं.

लोक परतायला लागले. सूर्य बाभळींच्या मागं चालला होता. तानुबाई उघड्या कपाळानं पाण्याच्या कडेपर्यंत गेली. राधाकिशन तिच्या मागं थोड्या अंतरावर उभे होते, कारण तिला एकटीला सोडून जावंसं त्यांना वाटेना. तिनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि पलीकडं ओरडून म्हणाली,

“आता थांबू नका!”

आवाज पाण्यावरून गेला आणि पलीकडच्या काठाला लागून विरला. राधाकिशनच्या मनात सवयीनं तिचं वाक्य फिरलं. थांबू नका, एवढंच ती म्हणाली होती. जा असं म्हणाली नव्हती.

ती तशीच कान देऊन उभी राहिली. बराच वेळ गेला. वारा पडला, पानांची राख जागच्या जागी बसली. मग तिचे खांदे हळूहळू सैल झाले. ती वळली तेव्हा तिचं तोंड राधाकिशनना ओळखू येईना, इतकं ते रिकामं आणि तरुण दिसत होतं.

“न्हाई येत,” ती म्हणाली. “पैल्यांदाच. काईच न्हाई. गेले ते.” आणि मग लगेच, घाबरून, “तुमाला येतं का?”

राधाकिशनना येत होतं. तिनं हाक दिली आणि लगेचच ते सुरू झालं होतं. या वेळी शब्द कळत होता. एका दमलेल्या माणसाचा, पाण्यातून चालताना धाप लागलेला आवाज, ‘आलो, आलो’ म्हणणारा. आणि तो पैलतीरावरून येत नव्हता. पाण्याच्या मधोमधून येत होता.

त्यांनी नदीकडं पाहिलं नाही. तिच्या रिकाम्या कपाळाकडं पाहिलं. मनगटावरची काचेची जखम अजून नीट भरली नव्हती.

“नाही,” ते म्हणाले. “काही ऐकू येत नाही.”

“देवा,” तानुबाई म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसत उतार चढायला लागली. मागं न बघता, पाठीवरचं ओझं उतरवल्यासारखी भरभर ती घराकडं गेली. पुढं ती शेतात राबली, दिराच्या पोरांना तिनं वाढवलं, आणि गावानं तिला परत कधी वेडी म्हटलं नाही. नदीवर ती पाण्याला, धुण्याला सगळ्यांसारखी जायला लागली.

लिंबाजीनं गाडी जुंपली. राधाकिशन मागं, पाय आत ओढून, पाठ नदीकडं करून बसले. तुळशीची पानं त्यांच्या मुठीत चुरगळून काळी झाली होती. गाव मागं पडलं. गंगाखेडची वाट थोडं अंतर काठानंच जाते. तिथं आल्यावर बैल आपणहून थांबले. दोघांचेही कान एकाच बाजूला, नदीकडं वळलेले.

लिंबाजीनं कासरा झटकला. चाबूक उगारला, पण मारला नाही. तो राधाकिशनकडं वळला. त्याला काही विचारायचं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. राधाकिशननी मान खाली घातली.

लिंबाजी खाली उतरला, दोन्ही बैलांच्या वेसणीला हात घातला, आणि त्यांच्याशी हळू आवाजात, लहान मुलांशी बोलावं तसं काहीबाही बोलत, नदीकडं न बघता, त्यांना पायी पायी पुढं नेऊ लागला.